चुकांची वही

कोल्हापुरात कुठलंही नवं यंत्र आलं की पहिला प्रश्न ठरलेला : "किती देतंय?" मोटरसायकल असो, विहिरीवरची मोटर असो, नाहीतर दारात बांधलेली म्हैस असो (म्हैस यंत्रात मोडत नाही हे मान्य, पण प्रश्न तोच), उत्तर आकड्यातच यावं लागतं. लिटरला किती, तासाला किती, एका वेळेला किती. कृत्रिम बुद्धिमत्ता इकडे आली तेव्हा तिलाही हाच प्रश्न विचारला गेला, आणि पहिल्यांदाच समोरून आकडा आला नाही. "काहीही देतंय," असं उत्तर आलं. काहीही देणाऱ्यावर इथला माणूस चटकन विश्वास टाकत नाही. तसं सांगणारे दर पाच वर्षांनी येतात आणि त्यांची पत्रकं अजून माळ्यावर पडून आहेत.

त्यातून ती आली फुकट. २०२५ साली एअरटेलच्या गिऱ्हाइकांना परप्लेक्सिटी वर्षभरासाठी मोफत मिळालं, मागोमाग जिओनं जेमिनाय दिलं, मग ओपनएआयनंही चॅटजीपीटीचा एक प्रकार भारतात वर्षभर मोफत केला. ज्या गोष्टीसाठी जगातल्या कंपन्यांनी अब्जावधी डॉलर ओतले, ती आमच्या गल्लीत साबणावर चमचा मिळावा तशी रिचार्जवर मिळाली. चमचा घरोघर वापरला जातो, पण त्याचं कौतुक कुणी करत नाही.

मी एका सहकारी पतसंस्थेत नोकरी करतो. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर अध्यक्ष हा लेख वाचतील, आणि वाचला तर त्यावर बोलतील. तर आमच्या संस्थेत एक दिवस परिपत्रक आलं : सर्व सेवकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता प्रशिक्षण, उपस्थिती अनिवार्य, दुपारच्या भोजनाची सोय केलेली आहे. शेवटचं वाक्य नसतं तर 'अनिवार्य' हा शब्द फारसा कामी आला नसता.

प्रशिक्षण वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होतं. एरवी तिथं वार्षिक सर्वसाधारण सभा होते. त्या सभेचा आमच्या लोकांच्या गळ्यावर कायमचा परिणाम झालेला आहे. पुण्याहून आलेल्या तरुण प्रशिक्षकानं सुरुवातीलाच हसून विचारलं, "मग, नवं तंत्रज्ञान स्वीकारायचं ना?" आणि मागच्या रांगेतून सवयीनं आवाज आला, "मंजूर! मंजूर!" तेवढ्याच सवयीनं दुसऱ्या कोपऱ्यातून "नामंजूर!" झालं. प्रशिक्षकाला वाटलं, उत्साह आहे.

मग त्यानं ते वाक्य टाकलं, जे हल्ली जगभरच्या प्रशिक्षणांत टाकतात : एआय तुमची नोकरी घेणार नाही, एआय वापरणारा माणूस तुमची नोकरी घेईल. लोकांना धीर यावा म्हणून हे वाक्य बनवलेलं असावं. आमच्या सभागृहात मात्र ते ऐकल्याबरोबर सगळ्या माना एकदम वळल्या आणि नुकत्याच लागलेल्या संगणक शाखेच्या पोराकडे रोखून बघू लागल्या. ते बिचारं पाणी पीत होतं. त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून आठवडाभर त्याला कुणी चहाला बोलावलं नाही.

प्रात्यक्षिक म्हणून प्रशिक्षकानं यंत्राला रंकाळ्यावरच्या संध्याकाळीवर कविता करायला सांगितली. ती झाली. तिच्यात सोनेरी किरणं होती, शांत लाटा होत्या, मनाचा गाभारा होता. भेळेच्या गाड्या नव्हत्या. टाळ्या वाजल्या. पण आमच्या संस्थेला स्थापनेपासून आजतागायत कवितेची निकड कधी भासलेली नाही. पुढच्या रांगेतून आमचे हेडक्लार्क उठले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. निवृत्तीला आलेत, सभासदाचा खातेक्रमांक सांगितला की त्याची सासुरवाड सांगतात. अण्णा म्हणाले, "कविता र्‍हाऊ द्या साहेब. थकबाकीदाराला १०१ च्या आधीची नोटीस लिहील काय?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम १०१ : थकलेलं कर्ज वसूल करण्यासाठी निबंधकाकडून दाखला मिळवायची वाट. पतसंस्थेतल्या माणसाला मुलाबाळांचे वाढदिवस आठवणार नाहीत, पण १०१ चा दाखला आणि १५६ ची जप्ती झोपेतही आठवते.

यंत्रानं नोटीस लिहिली. "आपण व आपले कुटुंबीय सुखरूप असाल अशी आशा आहे," अशी सुरुवात होती. पुढे, "आपल्या आर्थिक प्रवासात आम्ही सदैव आपल्या सोबत आहोत. आपल्या सोयीनुसार संपर्क साधावा."

"ह्यो प्रवासात सोबत र्‍हायला लागला तर वसुली कुणी करायची?" अण्णा म्हणाले. सभागृह हसलं. प्रशिक्षक चतुर होता, त्यानं यंत्राला सांगितलं, जरा कडक भाषेत लिही. यंत्र एका दमात दुसऱ्या टोकाला गेलं. नव्या नोटिशीत कलम १०१ खाली फौजदारी कारवाई होती, अटक होती, जामीनदारालाही अटक होती. भाषा एवढी ठाम की नवख्या माणसानं सही करून पाठवून दिली असती.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "१०१ मध्ये अटक कुठनं आली?" त्यांनी विचारलं. प्रशिक्षक पडद्याकडे बघू लागला. अण्णा पडद्याजवळ गेले, बोट ठेवून ओळ दाखवली, आणि वसुलीची वाट कुठून निघून कुठं जाते ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. दाखला, मग वसुली अधिकारी, मागणी नोटीस, जप्ती, लिलाव. सकाळपासून पेंगणारे लोक सरसावून बसले. वसुलीचं काम करणाऱ्या आमच्या मॅडमनी पर्समधून मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी विचारलं. शेजारचा म्हणाला, "मला बी बघू दे, आणि काय काय चुकतंय." दोन मिनिटांत सभागृहातला प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमधल्या यंत्राची परीक्षा घेत होता. कुणी आपल्या गावच्या म्हाईची, म्हणजे जत्रेची, तारीख विचारली, कुणी खासबाग मैदान कुणी बांधलं ते विचारलं, कुणी तांबड्या रश्श्याची कृती. रश्श्यात यंत्रानं टोमॅटो प्युरी घातली तेव्हा जो हशा उसळला, तो खाली काउंटरपर्यंत गेला.

प्रशिक्षक बापडा ओशाळला आणि "हे तंत्रज्ञान अजून शिकतंय" म्हणून घाईनं पुढच्या पानावर गेला. माझ्या मते त्यानं तिथंच मुक्काम करायला हवा होता. त्या दिवशीचं खरं प्रशिक्षण त्या दहा मिनिटांत झालं. तोवर त्या यंत्राला लोक एकतर भीत होते, नाहीतर हसत होते. अटकेची ओळ सापडल्यावर त्यांना पहिल्यांदा वाटलं, याच्याशी बोलता येईल. चूक सापडली की आपण कुठं उभे आहोत आणि ते कुठं उभं आहे, हे कळतं. प्रशिक्षण देणारे मात्र सगळीकडे चुका झाकून, घोटून घेतलेलं प्रात्यक्षिक दाखवतात. न चुकणाऱ्या यंत्रासमोर वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं करायचं तरी काय? हात जोडायचे, नाहीतर पाय काढायचा.

आम्ही कोल्हापूरकर यंत्राला भिऊन पळणारे नव्हे. यंत्र दिसलं की ते खोलून बघायचं, ही आमची जुनी रीत. उद्यमनगरात यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं निघतं. ऑइल इंजिनावर त्यांचा हात बसला होता तो पुस्तकं वाचून नव्हे. पण मला या सगळ्यात जास्त आठवतात ते बाबूराव पेंटर. खरी कॉर्नरवरनं जाताना तिथलं कॅमेऱ्याचं स्मारक सगळ्यांना दिसतं, आणि रोज दिसतं म्हणून कुणी बघत नाही.

बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या कंपनीसाठी ते राजवाडे, बागा, अरण्यं रंगवत. तो संगीत नाटकांचा भराचा काळ होता आणि पडदेवाल्याला मान होता. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. आजच्या परिपत्रकाच्या भाषेत सांगायचं तर पडदे रंगवण्याच्या व्यवसायापुढे नव्या तंत्रज्ञानाचं आव्हान उभं राहिलं. सिनेमात अरण्य हवं असेल तर माणूस अरण्यात जाऊन उभा राहू शकतो, ते रंगवायचं कशाला? दुसरा कुणी असता तर त्यानं सिनेमाला शिव्या घालून ब्रश आवळला असता. या दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला आणि तो उलगडून बघायला बसले. चित्र दाखवणारं यंत्र कळलं, मग चित्र घेणारं यंत्र का नको, असा त्यांचा सरळ हिशेब. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबूरावांनी नाद सोडला नाही. शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली त्यांनी इथंच स्वतःचा कॅमेरा पुरा केला. त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० साली लागला.

या गोष्टीतला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. कॅमेरा बनवल्यावरही बाबूरावांनी पडदेवाल्याचा डोळा टाकला नाही. पोशाख, मांडणी, प्रकाश, चित्रांची भव्य पोस्टरं, सगळीकडे तो जुना हात दिसत राहिला. यंत्र नवं, नजर मुरलेली. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही मंडळी तयार झाली, ती शेजारी उभं राहून, सामान उचलून, पडेल ते काम करून. भोजनाची सोय असलेलं प्रशिक्षण झाल्याची नोंद नाही. पुढे यांतल्याच काहींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात काढली.

आता अडचण अशी की हे नवं यंत्र खोलता येत नाही. आमच्या संस्थेचा जनरेटर दुरुस्त करणारे एक मेस्त्री आहेत, उद्यमनगरातले. प्रशिक्षणानंतर खाली चहा पिताना अण्णांनी त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी तो उलटा केला, पालथा केला आणि विचारलं, "ह्याला नट कुठं हाय?" मला तो प्रश्न फार मोठा वाटला. ज्याला नट नाही, ज्याचं झाकण निघत नाही, ज्याला कान लावून आवाज ऐकता येत नाही, त्याला ओळखायचं कसं? माझ्या मते उत्तर वरच्या मजल्यावर नुकतंच मिळालेलं होतं. आपल्याला पक्कं ठाऊक आहे ते त्याला विचारायचं आणि कुठं घसरतंय ते बघायचं. ज्याला स्वतःचं काम येतं त्याच्या हातात पाना आहेच.

यापूर्वी महाराष्ट्रानं आपल्या नोकरदारांना संगणक शिकवला तो वेगळ्या युक्तीनं. २००१ साली एमएस-सीआयटी आलं, आणि मग सरकारी सेवकांच्या वेतनवाढीची गाठ त्या प्रमाणपत्राशी मारली गेली. वेतनवाढ अडल्यावर मराठी माणूस काहीही शिकू शकतो. पन्नाशीचे गुरुजी आपल्याच माजी विद्यार्थ्यासमोर बसून माउस धरायला शिकत. त्या काळी संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, तेव्हा क्लासच्या दारात कोल्हापुरी पायताणांचा ढीग बघून देऊळ समजून आत डोकावणारे निघाले तर नवल नव्हतं. प्रमाणपत्रं मिळाली, वेतनवाढी सुटल्या, आणि कितीतरी कचेऱ्यांत संगणकावर कापडी झाकण घालून त्यावर देवाचा फोटो ठेवला गेला. आता आयगॉट कर्मयोगी नावाच्या संकेतस्थळावर सरकारी सेवकांसाठी अभ्यासक्रम असतात. तिथं एका टेबलावर चित्रफीत चालू असते आणि सेवक दुसऱ्या टेबलावर गप्पा मारत असतो, असं म्हणतात. मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, कारण तेव्हा मीही गप्पा मारत होतो.

आमच्याकडे प्रशिक्षणानंतर एक मजा झाली. सभागृहात ज्यांनी "नामंजूर" म्हटलं होतं तेच चोरून वापरू लागले. हे लपून राहत नाही. माणसाची भाषा एका रात्रीत कोट घालून आली की ओळखू येते. आमचे शिपाई मामा वडणगेच्या बाजूचे, घरी दोन म्हशी. त्यांचा रजेचा अर्ज वर्षानुवर्षं एका ओळीचा असे : "म्हस व्यायला झाली आहे, दोन दिस येत नाही." यंदाचा अर्ज असा आला : "माझ्या कौटुंबिक पशुधनाच्या अपेक्षित प्रसूतीच्या पार्श्वभूमीवर, सदर महत्त्वपूर्ण प्रक्रियेदरम्यान माझी उपस्थिती अत्यावश्यक असल्याचे मी नम्रपणे अधोरेखित करू इच्छितो." साहेबांनी तो वाचला आणि आपल्या यंत्रात टाकून म्हणाले, थोडक्यात सांग. यंत्र म्हणालं, अर्जदाराच्या म्हशीची प्रसूती आहे, दोन दिवस रजा हवी आहे. साहेबांनी उत्तरही त्याच्याचकडून लिहून घेतलं. त्यात मामांच्या कार्यनिष्ठेची प्रशंसा होती आणि पर्यायी मनुष्यबळाचा विचार होता. हा पत्रव्यवहार पुरा होईतो म्हैस व्याली, रेडी झाली, आणि मामा खरवस घेऊन कामावर हजर झाले.

ठेव विभागातल्या मॅडमचं वेगळंच. त्या अस्सल कोल्हापूरच्या, "मी आलो, मी जेवलो" म्हणणाऱ्या. त्या मोबाइलला बोलून मजकूर घालतात. यंत्र त्यांना पुरुष समजून 'महोदय' म्हणत राहिलं. मॅडमनी त्याची दुरुस्ती केली नाही. म्हणाल्या, "म्हणू दे. साहेब तरी कुठं म्हणतात?"

चोरून वापरण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वसुली विभागाच्या नोटिसा पूर्वी संध्याकाळी पाचपर्यंत चालायच्या. यंत्राच्या मदतीनं, आणि अण्णांच्या नजरेखालून, त्या दुपारी दोनला संपू लागल्या. साहेबांच्या ते ध्यानात आलं. तीन वाजता त्यांनी दुसऱ्या शाखेचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता हे बी होऊन जाईल." दुसऱ्या दिवसापासून नोटिसा पुन्हा पाचपर्यंत चालू लागल्या. यंत्र तेच, माणसं तीच. वाचलेला वेळ कुणाचा, याचा ठराव कुठल्याच सभेत झालेला नव्हता, एवढंच.

जुन्या माणसांनी तो ठराव आधी करून घेतला होता. बँकांत यंत्रं येऊ घातली तेव्हा ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. कुठल्या कामाला कुठलं यंत्र, ते कितपत आणायचं, यावर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी घासाघीस झाली, आणि यंत्र चालवणाऱ्याला वेगळा भत्ता मिळू लागला. तेव्हाच्या संघटनांना पुढे लोकांनी प्रगतीचे शत्रू म्हणून बरीच नावं ठेवली. काही बाबतींत त्यांनी उगाच ताणलंही असेल. पण यंत्र दारात आल्यावर 'आमचं काय?' हे तोंडावर विचारायची सोय त्यांनी ठेवली होती. आज ॲप टाकलं की झालं. भत्त्याचं नाव काढलं तर साहेब म्हणतात, "अहो, फुकट तर आहे!" कुणाला, ते सांगत नाहीत.

एका गोष्टीत मात्र थट्टा करता येत नाही. वसुलीतल्या एका पोरानं यादी नीट करून घ्यायची म्हणून थकबाकीदारांची नावं, आधार क्रमांक, मोबाइल, थकलेली रक्कम, सगळं त्या फुकटच्या ॲपमध्ये टाकायला घेतलं होतं. अण्णांनी वेळेवर हात धरला. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्येच आपल्या सेवकांना कचेरीच्या यंत्रांवर चॅटजीपीटी, डीपसीक असली साधनं वापरू नका म्हणून सांगितलं होतं, ते गुपितं बाहेर जातील या धास्तीनं. लोकांच्या खासगी माहितीसाठी २०२३ चा कायदाही आहे. पोराला यांतलं काही ठाऊक नव्हतं. प्रशिक्षणात रंकाळ्याच्या कवितेला वेळ होता, याला नव्हता. अण्णांना कायद्याचं नाव आठवलं नाही, पण त्यांनी नियम सांगितला : "बिंदू चौकात उभं र्‍हाऊन मोठ्यानं वाचून दाखवता येईल तेवढंच त्यात टाकायचं. बाकीचं कपाटात." ते वाक्य आता संगणकाच्या वर चिकटवलेलं आहे. देवाचा फोटो थोडा बाजूला सरकवला.

माझा एक चुलतभाऊ साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे. त्याच्याकडे हे वारं बारामतीच्या बाजूनं आलं. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसावर हा प्रयोग केला : उपग्रहाची चित्रं, शेतातले संवेदक, हवामान, आणि त्यावरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला. राज्यानंही जून २०२५ मध्ये शेतीसाठीचं एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींच्या तरतुदीसह. मग कारखान्यांत बैठका सुरू झाल्या आणि चिटबॉय मंडळींच्या पोटात गोळा आला. चिटबॉय म्हणजे गावोगाव फिरून उसाची नोंद घेणारा, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस. वरून उपग्रह बघणार असेल तर आपण बांधावर कशाला? भाऊ सांगत होता, एका शिवारात मोबाइलवर सल्ला आला : आज पाणी द्या. शेतकरी म्हणाला, "देतो की. पर लाईट रात्री बाराला येतीया, ते ह्याला कोण सांगणार?" चिटबॉय म्हणाला, "मी सांगतो." आणि त्यानं खरंच वेळापत्रक आपल्या वहीत टिपून घेतलं. कुठल्या प्लॉटवर लागण आहे, कुठं खोडवा, कुठली विहीर तिघा भावांत आहे आणि त्यांतल्या कुणाची पाळी कुठल्या वाराला. आता त्याला बैठकीत पुढं बसवतात.

वहीवरून आठवलं. आमच्याकडेही एक वही सुरू झाली. अण्णांनीच केली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, वर लिहिलेलं : 'यंत्राच्या चुका'. ज्याला चूक सापडेल त्यानं तारीख घालून लिहायची, बरोबर काय ते पुढच्या रकान्यात, खाली सही. पहिली नोंद अर्थात १०१ मधल्या अटकेची. मग जामीनदाराच्या जागी साक्षीदार, मुदत ठेवीच्या व्याजात लीप वर्षाचा दिवस विसरला, एका गावाला दुसऱ्याच तालुक्यात नेऊन ठेवलं. मामांनी सही करून लिहिलं : "म्हशीला गर्भकाळ नऊ महिने म्हणाला. दहा." या वहीनं जे केलं ते परिपत्रकानं झालं नसतं. ज्यांना यंत्राला हात लावायची भीती वाटे ते चूक शोधायला म्हणून वापरू लागले. चुका शोधता शोधता कामंही उरकू लागली. संगणक शाखेच्या त्या पोराला परत चहाला बोलवणं सुरू झालं, कारण एखादी चूक खरंच चूक आहे की आपणच नीट विचारलं नाही, हे तो सांगे. अशा वेळी त्या रकान्यात अण्णा लाल शाईनं लिहीत : "चूक आपली." हे लिहिताना त्यांचा हात जरा जड व्हायचा, पण लिहायचे. नवा सेवक लागला की त्याला आधी ती वही वाचायला देतात. त्याला आमचं काम त्या वहीतून जेवढं कळतं तेवढं सेवा नियमांतून कळत नाही.

परवा लेखापरीक्षक आले होते. लेखापरीक्षकाच्या नजरेतून कागद सुटत नाही. त्यांनी ती वही काढली, पहिल्या पानापासून बोट फिरवत आले, आणि विचारलं, "याला पृष्ठांकन आहे, सह्या आहेत, चांगलं आहे. पण मागच्या पंधरवड्यात एकही नोंद नाही?"

अण्णा म्हणाले, "साहेब, चूक घावली न्हाई."

"ते मला माहीत नाही," लेखापरीक्षक म्हणाले, "वही ठेवली आहे तर ती अद्ययावत पाहिजे." आणि तसा शेरा मारून ते जेवायला गेले.

शेरा आला म्हणजे पूर्तता आली. अण्णांनी सगळ्यांना कामाला लावलं. व्याज विचारून झालं, कलमं विचारून झाली, तांबड्या रश्श्यात आता टोमॅटो प्युरीही पडेना. शेवटी अण्णांनी स्वतः मोबाइल घेतला आणि यंत्रालाच विचारलं, "तुझ्या हातनं झालेल्या चार चुका सांग." यंत्रानं आधी मनापासून माफी मागितली. मग चार चुका क्रमानं सांगितल्या. अण्णांनी चष्मा चढवून एकेक तपासली. तीन बरोबर होत्या, म्हणजे चुका होत्या. चौथीत यंत्र म्हणत होतं की थकबाकीदाराबरोबर जामीनदारालाही नोटीस काढा असं आपण सांगितलं, ते चुकीचं होतं.

"ते बरोबर होतं की लेका," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी वही पुढे ओढून आजची तारीख घातली.